पलंगाची दुसरी पट्टी

माझ्या माहेरचा शिसवी पलंग आमच्या ह्यांनी धनुष्य करायला कापला, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्या बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग ह्यांच्याकडे. कीव कोणाची करायची ते त्यांचं ठरत नाही. मीही त्यांना मदत करत नाही.

पलंग माझ्या लग्नात ठाकूरद्वाराहून गिरगावात आला. तसं अंतर हाकेचं, पण हमालांनी वाटेत कितीदा तरी टेकवला. पुढे त्यात ढेकूण झाले. उकळतं पाणी झालं, रॉकेल झालं, शेवटी तो सुटा करून माळ्यावर टाकला आणि आम्ही लोखंडी खाटांवर आलो. पलंगाच्या दोन लांब पट्ट्या तेवढ्या मी जुन्या लुगड्यात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या होत्या. एकेक पट्टी पुरुषभर लांब, कुठे गाठ नाही, चीर नाही. दर दिवाळीला लुगडं सोडायचं, पट्ट्या पुसायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. कशासाठी ते विचारू नका. माहेरची वस्तू होती.

आमचे हे, नाव घ्यायचं तर मनमोहन, गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. धक्के, गोदामं, क्रेनचे सांगाडे. त्यांची रेघ बघायला साहेब लोक टेबलाशी येऊन उभे राहत, असं तेच सांगायचे. एकोणसाठच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले, पण हात त्याआधीच थरथरायला लागला होता. मला ते चहाच्या बशीवरून कळलं. कप बशीत वाजायचा. मी विचारलं, "चहा फार गरम आहे का?" हे म्हणाले, "हो." चहा कोमट होता आणि ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं आणि कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या. हात हळूहळू जाणार, किती हळू ते सांगता येत नाही, म्हणाले. औषधाच्या खिडकीपाशी बाकावर बसलो होतो तर शेजारी एक माणूस मनगटाला प्लास्टर घालून बसलेला. धोंडू परब, एका गिरणीत सुतार. यांनी सहज विचारलं, काय झालं.

"मागावरची काठी बसली, सायबानू," तो म्हणाला. "धोट्याक इकडसून तिकडे फटकावता ती काठी. काठयेक काय एक जावक नाय. हात माजो मोडलो."

"कसलं लाकूड?"

"अमेरिकेचा. हिकरी म्हणतत. दिवसभर फटके देता, पन मोडना नाय. झिजली की आमी काडून टाकतंव, मगे लोका बंबात घालतत."

यांनी आणखी बरंच विचारलं. मी ऐकत नव्हते, मला डॉक्टरांचंच बोलणं आठवत होतं. घरी यायच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते आणि लालबाग मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "मी धनुष्य करणार आहे."

मला वाटलं गोळी लगेच लागू पडली की काय.

"उभी नोकरी मी कागदावर रेघा मारल्या," हे म्हणाले. "बांधलं दुसऱ्यांनी. एकही धक्का बांधून होताना मी उभा राहून बघितला नाही, तोवर पुढचा कागद टेबलावर यायचा. हात आहेत तोवर एक वस्तू मी माझ्या हातांनी करणार."

"मग पाट करा. देवघरात नवा हवाच आहे."

"पाट चुकला तर खिळा मारून भागतं. धनुष्यात खिळा चालत नाही. ते एक तर होतं नाही तर मोडतं."

नवऱ्याला म्हातारपणी पत्त्यांचा नाद लागतो, भजनाचा लागतो. माझ्या वाट्याला हा आला. पण त्यांच्या मांडीवरचा तो हात मला दिसत होता, आणि धनुष्य राहू दे, पृथ्वी मागितली असती तरी मी त्या बसमध्ये नाही म्हटलं नसतं.

प्लास्टर निघाल्यावर धोंडू घरी आला, गिरणीत विचारून दोन झिजक्या काठ्या टॉवेलात गुंडाळून घेऊन. चहा पिता पिता यांनी त्याला आणि मला कागदावर काढून दाखवलं. धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे समोरची बाजू, ताणली जाते आणि आपल्याकडची, म्हणजे पोटाची, दाबली जाते. पाठीला हिकरीची पातळ पट्टी लावायची, ती ताण सोसेल. काठ्या आखूड, म्हणून मुठीपाशी दोन तुकडे एकमेकांत खाचा घालून जोडायचे. पोटाला मात्र दाब सोसणारं जड लाकूड हवं. लांब, सरळ, बिनगाठीचं, पुरतं वाळलेलं. एवढं बोलून हे थांबले आणि त्यांची नजर माळ्याकडे गेली. मग माझ्याकडे आली.

"घ्या," मी म्हटलं आणि आत जाऊन पाट्यावर मसाला वाटत बसले. त्या दिवशी मसाला लागणार नव्हता. राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं.

आमचा बंडू विम्याच्या कचेरीत होता आणि संध्याकाळी मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या समितीच्या सभांना. त्या वर्षी वाडीत कोणीही कशावरही बोलायला लागलं की शेवटी मुंबईवर यायचं, त्याला आमचं धनुष्य तरी कसं सुटेल. बंडूने दोन रंगांची ती लाकडं बघितली आणि म्हणाला, "बाबा, हे तर द्विभाषिक राज्य झालं. वरून चिकटवलेलं. टिकायचं नाही."

"दिल्लीवाल्यांनी सरस नीट शिजवला नाही," हे म्हणाले. "मी शिजवणार आहे."

आणि शिजवला. सरस म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचा, तेव्हा माझ्या चुलीवर तो येणार नव्हता. गॅलरीत रॉकेलचा स्टोव्ह मांडून पातेल्यात पातेलं ठेवून हे तो ढवळत बसले. वास असा की शेजारची कौसल्या नाकाला पदर लावून विचारायला आली, "वहिनी, तुमच्याकडे काय शिजतंय?"

"यांची पेन्शन," मी म्हटलं.

सरस लावून दोन्ही लाकडं सायकलच्या ट्यूबच्या चिरलेल्या पट्ट्यांनी गच्च आवळली. पुढे रंधा, कानस, मग काचेच्या तुकड्याने खरवडणं. गॅलरीच्या भिंतीवर यांनी निळ्या पेन्सिलीने चौकटी आखल्या, खुंटीला धनुष्याची मूठ टांगली, दोरी चढवली आणि ती खाली ओढून मागे सरून बघायचे, दोन्ही बाजू चौकटींवर सारख्या वळतात का. ज्या बाजूला जडपणा, तिथे काच फिरवायची. पुन्हा ओढायचं. हात थरथरायचा, पण काच लाकडाला टेकली की बराचसा शांत व्हायचा. कित्येक दुपारी मी भाजी निवडत आतून ते बघत बसले. पलंगाचं दुःख कमी झालं असं नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

नवरात्र बसलं तेव्हा धनुष्य पुरं झालं. चांभाराचा दोरा पिळून, मेण लावून केलेली दोरी. पाठीला पिवळट हिकरी, पोटाला काळपट शिसव, आणि मधली जोडाची रेघ अशी की नख लावून शोधावी. दसऱ्याला गच्चीवर पहिला बाण सोडायचं ठरलं.

आम्ही प्रभू. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. शस्त्रं म्हणजे काय, एक गंजकी तलवार, माझी मासे कापायची मोठी सुरी आणि यांची कंपासपेटी. त्या वर्षी चौरंगावर धनुष्य आलं. पूजेतलं शस्त्र दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, हा नेम. आणि दोरी उतरवलेलं धनुष्य म्हणजे दिसायला नुसती काठी. एरवी रोज काम झालं की न चुकता दोरी उतरवणाऱ्या आमच्या ह्यांनी त्या दिवशी दोरी चढवून धनुष्य चौरंगावर मांडलं. शस्त्र पुजायचं तर ते शस्त्रासारखं दिसायला नको का, म्हणाले. मग रीतसर पूजा झाली. पंचामृताचं स्नान, पाण्याचं स्नान, हळदकुंकू, झेंडूची माळ. दोन्ही बाजूंना समया.

संध्याकाळी हे दोनदा चौरंगापाशी जाऊन उभे राहिले. एकदा हात पुढे झाला, माळेपर्यंत गेला आणि मागे आला. "एक रात्र काय होतंय," स्वतःशीच म्हणाले आणि जेवायला बसले.

सकाळी धनुष्याच्या खालच्या बाजूला, मुठीपासून टीचभर अंतरावर, शिसव हिकरीपासून सुटलं होतं. तळणीत करंजीचं तोंड उघडतं तसं. पाणी सरसात शिरलं होतं, समईची ऊब लागली होती, आणि रात्रभर ताणलेल्या दोरीने उरलेलं काम केलं होतं. सुटलेल्या शिसवाच्या कडेला एक बारीक चीरही गेली होती, म्हणजे पुन्हा चिकटवण्यातही अर्थ उरला नव्हता.

ह्यांनी उत्तरपूजा केली, दोरी उतरवली, धनुष्य पुसलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. मग कोट घालून वाडीत सोनं वाटायला गेले. बंडू घरातच होता. त्याने त्यानंतर द्विभाषिकाचा शब्द काढला नाही, आणि मला पोराचं फार कौतुक वाटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. हे खिडकीशी बसायचे. हात मांडीवर, आणि आता तो लपवायचेही नाहीत. दिवाळीत धोंडू फराळाला आला तो पुन्हा दोन काठ्या घेऊन आला, कोणी सांगितलं नसताना. ह्यांनी काठ्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"धोंडू, एक हातातून गेलं. दुसरं करायला हात राहिले नाहीत. रंधा धरला तर कुठे जाईल याचा भरवसा नाही."

धोंडू चकली मोडत बसला. मी शिडी लावली, माळ्यावर चढले आणि दुसरी पट्टी लुगड्यासकट खाली आणून ह्यांच्या पायाशी ठेवली.

"ही शेवटची," मी म्हटलं. "पलंगाला दोनच असतात. आणि हात लागतील तेवढे घरात आहेत."

मग खाली वाकून त्यांनी लुगड्याची गाठ सोडायला घेतली. ती त्यांना सुटेना. मी मदत केली नाही, वेळ लागला तरी त्यांनीच सोडवली.

या खेपेला सरस नको ठरलं. गोदीत होड्यांच्या कामाला जुने लोक दुधाच्या चोथ्यात चुना मळून लावत आणि तो एकदा सुकला की पाण्याला दाद देत नसे, हे ह्यांना आठवलं. म्हणजे काम स्वयंपाकघरात आलं. साय काढलेलं दूध मी नासवलं, चोथा पिळून घेतला, पानाच्या डब्यातला चुना घालून पाट्यावर वाटला. चिकट, पांढरं, चांगलं दिसणारं प्रकरण. लगेच लावून मोकळं व्हावं लागतं, नाही तर पातेल्यातच दगड होतो. एका बाजूने मी लावत गेले, दुसरीकडून धोंडू ट्यूब आवळत गेला आणि हे खुर्चीवरून "कडेला, कडेला" करत राहिले. कौसल्या डोकावून गेली. या वेळी वास नव्हता, त्यामुळे तिला बोलायला काही सापडलं नाही.

मोठं तासकाम धोंडूने रविवारी येऊन केलं. खरवडायचं काम ह्यांचं. पण थंडीत एक दिवस हात उडाला आणि काच शिसवात घुसली. खोल नाही, पण आणखी थोडी गेली असती तर संपलं होतं. यांनी काच माझ्यापुढे धरली.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"सुरमईचे खवले काढताना कातडी फाटते का तुझ्या हातून?"

"नाही."

"मग तेवढ्याच हाताने."

तेव्हापासून मी खरवडायची आणि हे बघायचे. खुंटीवरची दोरीही मीच ओढायची, कारण यांनी ओढली की धनुष्य हलायचं आणि वळण दिसायचं नाही. "वरच्या बाजूला, मधोमध, दोन हात." मी दोनदा काच फिरवायची. "ओढ. सोड. ओढ. आता खाली, टोकाकडे, एकच." मी चिडायची. एक तर दिसायला सगळं सारखंच, आणि ह्यांना चौकटींवर केसाएवढा फरक दिसायचा. एकदा म्हटलं, "एवढं तुम्ही माझ्याकडे बघितलं असतं तर." हे म्हणाले, "तुझ्यात सुधारायला जागा नव्हती." मग मी पुढची सगळी दुपार न चिडता खरवडलं. माणूस असा फसतो.

वळण बसत आल्यावर म्हणाले, आता खुंटीवरून काढ आणि हातात धरून, बाण लावून ओढ. मी पदर खोचून गॅलरीत चौकटींसमोर उभी, हे स्टुलावर. दंडात गोळे यायचे. समोरच्या गॅलरीतली मंडळी वर्तमानपत्र खाली करून बघायची. माझी ओढ थांबली की बाण जिथे मुठीपाशी यायचा तिथे ह्यांनी त्याला लाल दोरा बांधला आणि म्हणाले, "यापुढे नाही. इथपर्यंतच." मला वाटलं, धनुष्याचं माप असेल.

तिकडे दिल्लीत ठरलं, राज्य होणार, मुंबईसकट होणार. तीस एप्रिलच्या संध्याकाळी गिरगावात दिव्यांच्या माळा, गुलाल आणि पेढे. बंडूचा आवाज घोषणा देऊन पुरता बसला होता. तशाच आवाजात तो म्हणाला, "बाबा, द्विभाषिक गेलं. तुमचं टिकलं." हे हसले. खूप महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. धोंडू परळहून धुवट सदरा घालून आला होता. बंडूने टाकीला टेकवून जुनी कापसाची गादी उभी केली आणि तिच्यावर कुंकवाचा टिळा लावला. गच्चीवर दुसरं कोणी नव्हतं. वाडी उशिरा झोपली होती, उशिराच उठणार होती.

मी दोरी चढवली आणि धनुष्य ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डाव्या हातात धरलं, लाल दोऱ्याचा बाण लावला आणि ओढायला लागले. हात थरथरत होता, बाणाचं टोक गादीवर इकडेतिकडे फिरत होतं. दोरा मुठीपाशी आला तसे ते थांबले. हे माझ्याहून चांगले हातभर उंच. त्यांचं कोपर अजून अर्धंच मागे गेलं होतं. ओढ पुरी व्हायला बरीच बाकी होती. त्यांनी दोरी हळूच परत जाऊ दिली.

"काय झालं?" मी विचारलं. "ओढा ना. होईल."

"नाही होणार. मी आणखी ओढलं तर मोडेल." त्यांनी धनुष्य माझ्यापुढे धरलं. "हे तुझ्या हाताचं झालंय. जो ओढतो त्याच्या मापाने ते वळायला शिकतं. एवढे महिने तूच ओढत होतीस."

पलंगाची दुसरी पट्टी, शेवटची. "तुम्हांला कधी कळलं?"

"दोरा बांधला तेव्हा ठाऊकच होतं."

"मग बोलला का नाहीत? मी थांबले असते. बंडूला ओढायला लावलं असतं, तो तुमच्याएवढा आहे."

"म्हणूनच बोललो नाही."

धोंडू आणि बंडू बाजूला उभे राहून गादीकडे बघत होते, जणू गादीतच काही बघण्यासारखं होतं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी म्हटलं, "अहो, एक वस्तू तुम्हांला तुमच्या हातांनी करायची होती. एकच. ती माझ्या हातांनी झाली."

"हो," हे म्हणाले. "रेघ माझी, बांधलं दुसऱ्याने. जन्मभर तेच झालं." ते जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले, गॅलरीतल्या स्टुलावर बसायचे तसेच, हात मांडीवर. "पण बांधून होताना मी समोर बसून बघितलं. रोज. ते पूर्वी कधी मिळालं नव्हतं. आता ओढ."

मी पदर खोचला. मूठ धरली तर ती तळव्यात बरोबर बसली. माझीच काच तिथे फिरली होती, न बसायला काय झालं. लाल दोऱ्यापर्यंत ओढलं आणि सोडलं.

बाण गादीच्या कोपऱ्यात, टिळ्यापासून बराच लांब लागला. बंडूने बसक्या आवाजात काहीतरी ओरडायचा प्रयत्न केला. धोंडू म्हणाला, "वयनी, लागलो." मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. बाण कुठे गेला ते त्यांनी बघितलंच नव्हतं. ते माझ्या हातातल्या धनुष्याकडे बघत होते.

"वरची बाजू अजून जरा जड आहे," म्हणाले. "उद्या काच घे. मधोमध, एकच हात."